उंबऱ्याबाहेरचा बिंदू

कुंभकोणम्
११ ऑगस्ट २०२४

गिरिधर, नमस्कार.

शाळेत पत्रलेखनाला मला पैकीच्या पैकी गुण मिळत, तरी हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहीत आहे. आधीच्या दोन खेपांत मायनाच इतका लांबला की मजकूर राहून गेला. तुमच्या अरुणाचलातल्या अनिनीला फोन लागत नाही, हे पत्र लिहिण्याचे एक कारण. आणि लागला असता तरी मला फोनवर बोलता आले नसते, हे दुसरे. सांगलीला महापुराच्या दिवसांत आपण कॉलेजच्या त्या खोलीत नकाशाचे काम करत होतो, तेव्हा मी शेजारच्या टेबलावरून तुम्हाला चिठ्ठ्या सरकवत असे आणि तुम्ही साऱ्या खोलीला ऐकू जाईल असे मोठ्याने उत्तर देत असा. ही त्यांतलीच एक, जरा लांबून सरकवलेली चिठ्ठी समजा.

विचारायचे ते असे : मला जीपीएसचे यंत्र घ्यायचे आहे. कोणते घ्यावे?

बँकेने जूनमध्ये माझी नेमणूक इथे, तुमच्या गावी केली. हा निव्वळ योगायोग. अलमेलू मामींच्या घरी माडीवरची खोली मिळाली आहे. रविवारी मी आपल्या खुल्या नकाशासाठी रस्ते चालते. मामींना ते अजून पटलेले नाही. "रस्ता आहे तिथेच आहे," त्या म्हणतात, "दर रविवारी कशाला मोजतेस? उठून जाणार आहे का तो?"

मोजण्याजोगे फारसे उरलेलेही नाही. स्वयंसेवकांच्या या नकाशात कुंभकोणम् किती बारकाईने भरलेले आहे, आणि ज्या रस्त्यावर बोट ठेवावे त्याच्या नोंदीत तुमचे नाव. महामहम् तळ्याकाठचे मंडप तुम्ही काढलेले, अरसलार नदीचे पूल तुम्ही काढलेले, पानवाल्यांच्या बाजारामागचा नळसुद्धा. तिकडे डोंगरात रस्त्यांची पाहणी करून आल्यावर, उपग्रहाच्या छायाचित्रावर आठवणीने बोट फिरवत तुम्ही हे गाव काढले असेल, असे मी मनाशी धरून चालते.

फक्त एक जागा पांढरी आहे. सारंगपाणी कोविलच्या, म्हणजे देवळाच्या, दक्षिणेला, दोन रस्त्यांच्या मध्ये. पहिल्याच आठवड्यात मी तिथे वाट चुकले. नकाशात काही नव्हते आणि पायांखाली चांगला फरसबंद बोळ होता. दोन्ही बाजूंना घराबाहेरचे ते उंच ओटे, ज्यांना इथे तिण्णै म्हणतात. वर पत्र्याच्या पडव्या आणि नारळांच्या झावळ्या. छायाचित्रात तो का दिसत नाही, हे वर पाहिल्यावर कळले. तुम्हाला तो ठाऊक नसेल, हे मात्र पटेना.

फोनवर त्याचा माग घेतला तर रेघ लोकांच्या स्वयंपाकघरांतून गेली, एका विहिरीत उतरली आणि गोपुराकडून धक्का बसल्यासारखी परत आली. म्हणून यंत्र हवे. वाचून तीन पर्याय काढले आहेत. हातात धरायचे, बटणांचे खास यंत्र. काडेपेटीएवढी, पडदा नसलेली, नुसता माग नोंदवणारी पेटी. किंवा उपग्रहांचे संदेश दोन वारंवारितांवर ऐकणारा नवा फोन. तुम्ही सांगाल ते घेईन.

तिकडे आत्ताच थंडी असते का? तुम्ही त्याबद्दल कधीच काही लिहीत नाही. अर्थात तुम्ही काहीच लिहीत नाही.

शलाका


अनिनी
२९ ऑगस्ट २०२४

शलाका,

चिठ्ठी पोचली. आमचा डाकवाला म्हणाला, इतक्या नीट अक्षरात इथे कोणाला काही येत नाही, कोर्टाचं तर नाही ना? मी म्हटलं, त्याहून कडक आहे.

थंडी नाही, चिखल आहे. रस्ता आम्ही मोजतो आणि दोन दिवसांनी डोंगर तो खाली घेऊन जातो. तुमच्या मामींना सांगा, इकडचे रस्ते खरंच उठून जातात.

यंत्राचं. पडदा नसलेली पेटी घेऊ नका. ती काय लिहिते आहे ते घरी आल्यावर कळतं, आणि कळतं तेव्हा तुमचा रविवार संपलेला असतो. बटणांचं यंत्र भिजलं तरी चालतं, पेन्सिल सेलवर चालतं, पण ते रानासाठी. नाचियार्कोविलच्या बाजूला भाताच्या बांधांवरून हिंडणार असाल तर घ्या. गावासाठी नवा फोन बरा. भिंतीवर आपटून उशिरा आलेला संदेश त्याला थोडाफार ओळखता येतो. पण गोपुराजवळ सगळी यंत्रं थापा मारतात. तिथे एकच उपाय. चालू नका, बसा. यंत्र एका जागी ठेवायचं आणि पुष्कळ वेळ तसंच राहू द्यायचं. मग दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या वेळी, पुन्हा त्याच जागी. उपग्रह बदललेले असतात, त्यांच्या चुका बदलतात, आणि सगळ्या चुकांची सरासरी खऱ्याच्या जवळ जाते. हे सांगलीतही सांगितलं होतं. तुम्ही वहीत लिहून घेतलं होतं, मी बघितलं होतं.

त्या बोळाचं सोडून द्या. त्याच्यावाचून गावाचं काही अडत नाही.

एक विचारतो, सहज. मोठ्या रस्त्यावर पितळी भांड्यांची दुकानं आहेत ना, त्यांत एकाच्या दारात माणसाएवढी समई असायची, वर हंस बसलेला. ते दुकान उघडं असतं का?

गिरिधर


कुंभकोणम्
२२ सप्टेंबर २०२४

गिरिधर, नमस्कार.

दुकान उघडे असते. हंस अजून समईवर आहे, आणि त्याची चोच इतकी घासली गेली आहे की ती आता चिमणीची वाटते.

तुम्ही सहज विचारलेत, म्हणून मीही सहज गेले. जाऊन करणार काय, म्हणून दुकानासमोर फोन उंच धरून उभी राहिले. आतून एक गृहस्थ लगबगीने बाहेर आले. पांढरे धोतर, कानामागे पेन्सिल. त्यांनी तमिळमध्ये विचारले, "नगरपालिका का? रस्ता रुंद करणार का?" शेजारच्या दुकानदाराने ते ऐकून आपली मांडलेली घागरींची उतरंड तातडीने आत ओढायला सुरुवात केली. माझे तमिळ अजून भाजीपुरतेच आहे. मी घाबरून स्वतःशीच पुटपुटले, "आता यांना कसे सांगू?"

ते हसायला लागले आणि तुमच्यासारख्याच जुन्या तंजावरी मराठीत म्हणाले, "मराठींत सांगा की!"

मग मी सांगितले : खुला नकाशा, स्वयंसेवक, उपग्रह. त्यांनी सर्व नीट ऐकून घेतले आणि विचारले, "ह्याचा पगार कोण देतो?" कोणी देत नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग बरोबर करीत असाल. बैसा. काप्पी घ्या."

कॉफी येईपर्यंत त्यांनी गाव विचारले. मी विटा म्हटले, सांगलीजवळ. त्यांनी टंबलरमधली कॉफी डवऱ्यात, म्हणजे खालच्या वाटीत, ओतली, परत टंबलरमध्ये घेतली, पुन्हा ओतली. ती पार निवली.

"आमची मराठी ऐकोन तुम्हांस हांसूं येत असेल," ते म्हणाले.

"नाही."

"येत असेल. सांगलीस आमच्या एकास सगळे हांसत, असें ऐकलें."

मी हसले नव्हते, हे तुम्हाला आठवत असेल. तुम्ही पहिल्या दिवशी "मी उदयिक येतों" म्हणालात तेव्हा सारी खोली हसली होती, आणि मी घरी जाऊन कोश उघडला होता. तो शब्द त्यात होता, उद्या या अर्थाने. आमचाच होता, आम्ही सोडून दिलेला.

त्यांचे नाव शामसुंदरराव. ते हसतात तेव्हा मान डावीकडे टाकतात. ही लकब मी पूर्वी कुठे पाहिली आहे, ते मी त्यांना सांगितले नाही.

यंत्राचा निर्णय अजून झालेला नाही. बोळाविषयीचे तुमचे म्हणणे वाचले. बसण्याची पद्धत मात्र माझ्या सध्याच्या फोनवरही करून पाहता येईल असे वाटते. एका जागी स्वस्थ बसणे मला चांगले जमते. आयुष्यात मी बहुधा तेच केले आहे.

घरून बाबांचे फोन येतात. ते बदलीविषयी विचारतात. मी विषय बदलते.

शलाका


रोइंग
१४ ऑक्टोबर २०२४

शलाका,

कामासाठी खाली रोइंगला आलो आहे. इथे इंटरनेट चालतं. नकाशा उघडला.

तुम्ही माग चढवला आहे. कोणालाही दिसतो तो, हे तुम्हाला ठाऊक आहे. सांगलीत नव्या मुलांना तुम्हीच बजावायचात की माग चढवण्याआधी आपल्या घराजवळचा भाग कापून टाका. तुम्ही तुमच्या घराजवळचा कापलात. माझ्या घराजवळचा राहिला.

यंत्र एका जागी ठेवलं की रेघेचा गुंता होतो, जणू कोणी त्याच त्या जागी येरझाऱ्या घालतं आहे. तो गुंता आमच्या तिण्णैवर आहे. डाव्या हाताच्या, खांबाजवळच्या. मला नकाशात बघायची गरज नाही, मी तिथे बसून परीक्षांचा अभ्यास केला आहे.

तुम्हाला विचारायचं होतं तर मला विचारायचं. आता सांगतो. सात वर्षांपूर्वी मला हे मोजणीचं शिक्षण घ्यायला जायचं होतं, आणि अप्पांना मी दुकानात हवा होतो. आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच. सगळा बोळ दारांत उभा होता. ते म्हणाले, "गेलास तर हा उंबरा पुन्हा ओलांडूं नको." मी म्हटलं, नाही ओलांडणार. आमच्याकडे रागात बोललेलं नंतर कोणी परत घेत नाही. तेही घेत नाहीत, मीही त्यांचाच.

बाकी सगळं गाव मी उद्या उठून चालू शकतो, म्हणून काढलं. तिथे चालणार नाही, म्हणून नाही काढलं. एवढी साधी गोष्ट आहे.

तुम्ही त्यांना माझ्याबद्दल काय सांगितलं, ते मला कळवू नका. यंत्राची चौकशी दुसऱ्या कोणाकडे करा. पुष्कळ जाणकार आहेत.

गिरिधर


कुंभकोणम्
१६ डिसेंबर २०२४

गिरिधर,

दोन महिने मी लिहिले नाही. तुम्ही लिहू नका असे म्हटले नव्हते, तरी वाक्याचा अर्थ तोच होता, आणि वाक्यांचे अर्थ मला कळतात. माग मी तुमचे पत्र आले त्याच दिवशी काढून टाकला. तो चढवण्याआधी कापायचा राहिला, ही माझी चूक. मुद्दाम केली नव्हती. पण तो गुंता पडद्यावर प्रथम पाहिला तेव्हा मला आनंद झाला होता, हे नाकारत नाही.

तुमच्याबद्दल मी त्यांना काहीही सांगितलेले नाही. पुढचे वाचताना हे कृपया लक्षात असू द्यावे.

तुमचे पत्र आल्यानंतर मी बोळात जाणे बंद केले. दुकानासमोरूनही जात नसे. बँकेत जायला पोत्रामरै तळ्याला वळसा घालत असे. दिवाळी झाली. ऐप्पसी महिन्याचा पाऊस झाला. कावेरीचे पाणी रस्त्याच्या बरोबरीला आले, तेव्हा मामी म्हणाल्या, "आता मोज!" मी घराबाहेर पडले नाही. रविवारी पुस्तके वाचली.

गेल्या सोमवारी बँकेत माझ्या खिडकीपाशी शामसुंदरराव उभे होते. हातात पासबुक होते, पण ते त्यांनी पुढे केले नाही.

"तुमचें यंत्र मोडलें काय?" त्यांनी विचारले.

मी म्हटले, "नाही."

"मग आलां नाहींत. एकदां बैसून होत नाहीं, म्हणालां होतां. दुसऱ्या दिवशीं, दुसऱ्या वेळीं यावें लागतें, म्हणालां होतां. मी तिण्णै पुसून ठेवतों."

मागे रांग होती. एका बाईंनी "सार, काय झालं?" म्हणून पुढे डोकावले. शामसुंदरराव एकदम एकेरीवर आले : "शुक्रवारीं कार्तिकै आहे. ये. दिव्यांमुळें यंत्रास त्रास होत नाहीं ना?"

होत नाही, असे मी सांगितले.

शुक्रवारी बँक सुटल्यावर गेले. साऱ्या बोळात ओट्यांवर पणत्यांच्या ओळी लागल्या होत्या. तुमच्या दाराशी मात्र पणत्या नाहीत, दुकानातल्या समया. उंचीप्रमाणे रांगेने, शाळेच्या प्रार्थनेला मुले उभी करावीत तशा. खांबाजवळची जागा मोकळी ठेवली होती. मी फोन तिथेच ठेवला, ऑक्टोबरमध्ये त्यांना विचारून ठेवला होता तिथे. त्यांनी जागेवर खडूची खूण करून ठेवली होती. पावसाने ती पुसली की पुन्हा करत होते म्हणे.

आम्ही बसलो. ते आतून उडदाच्या पिठाचे डांगर आणि मुरमुऱ्यांचे लाडू घेऊन आले, आणि मी नको म्हटल्यावर ऐकले नाही. समोरच्या घरातल्या वैद्यनाथ मामांनी आपल्या ओट्यावरून ओरडून विचारले, "काय हो शामसुंदर, अजून रुंदी मोजून झाली नाही का?" हे ओरडले, "आमची रुंदी मोजताहेत! लाडू कमी करा म्हणाल्यात!" आणि मान डावीकडे टाकून हसले.

मग फोनकडे बोट करून म्हणाले, "हें यंत्र गेलेलें माणूस कुठें आहे तें दाखवतें काय?"

"नाही. आपण कुठे आहोत तेवढेच दाखवते."

"तेवढ्यासाठीं इतका वेळ लागतो?"

"गोपुराजवळ लागतो."

त्यांनी एका समईची वात पुढे सारली. पुढचे मी घरी येताच शब्दशः उतरवून काढले, कारण ते तसे बोलले जावे म्हणूनच मला बोलावले होते असे मला वाटले. ते माझ्याकडे न पाहता, वैद्यनाथ मामांच्या घराकडे तोंड करून बोलले :

"तिण्णै घराची नव्हे. हें तुम्हां लोकांस ठाव नसेल. आमच्या आजोबांनीं बांधली ती वाटसरासाठीं. चालून दमला, बैसला. कोण, कुठला, विचारायचें नाहीं. तो आंत येत नाहीं, आपण ऊठ म्हणत नाहीं. पाणी ठेवायचें, जेवणाची वेळ असेल तर पान मांडायचें. मी एकास उंबरा ओलांडूं नको म्हणालों होतों. म्हणालों तें म्हणालों. पण तिण्णै उंबऱ्याच्या बाहेर आहे. तिच्याविषयीं मी कांहीं बोललों नव्हतों. सगळ्या बोळानें ऐकलें आहे, वैद्यनाथास विचार." मग म्हणाले, "हें कोणास कळवायचें असेल तर कळव. नसेल तर राहूं दे. लाडू खा."

गिरिधर, मी कळवत आहे. त्यांना कसे कळले, ते मला ठाऊक नाही. मी सांगली म्हटले, आणि पगाराविना नकाशा काढते म्हटले. बहुधा तेवढे पुरले असावे.

आता माझे. हे मी शेवटी लिहीत आहे, कारण आधी लिहिले असते तर बाकीचे पत्र लिहून झाले नसते.

बँकेने मला तीन गावांतून एक निवडायला सांगितले होते. एक लातूर होते, एक नगर. मी कुंभकोणम् लिहिले. बाबा अजून समजतात की बँकेने सक्ती केली. तुमच्या गावी राहिले तर तुम्हाला आठवत असतील त्या जागा माझ्याही ओळखीच्या होतील, एवढाच माझा विचार होता. यापलीकडे काही होईल, असे मी ठरवले नव्हते. तुम्ही काढलेल्या रस्त्यांवरून चालताना तुमचा हात कुठे थांबला असेल, कोणत्या वळणावर तुम्ही छायाचित्र सोडून आठवणीने रेघ ओढली असेल, हे मला ओळखू येऊ लागले. काही वळणे छायाचित्रात आहेत त्याहून हलक्या हाताची आहेत.

जानेवारीअखेर बदलीचे अर्ज घेतात. बाबांनी एक स्थळही पाहून ठेवले आहे. माणसे सज्जन आहेत, असे सगळे सांगतात. अर्ज करावा की न करावा, हे मला तुम्हाला विचारायचे नाही. विचारणे योग्य नाही. फक्त तारीख तुम्हाला ठाऊक असावी.

बोळ मी नकाशात काढला आहे. पश्चिमेच्या तोंडापासून तुमच्या शेजारच्या घरापर्यंत. पुढचा तुकडा सोडला आहे. त्यावरून मी चालले आहे, हे खरे. पण तो मी काढणार नाही.

यंत्र अजून घेतलेले नाही.

शलाका


अनिनी
४ जानेवारी २०२५

शलाका,

पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा डाकवाल्यासमोर. तो म्हणाला, कोर्टाचंच होतं ना?

अप्पा असंच करतात. गिऱ्हाईकाला एकच भाव म्हणजे एकच भाव. मग समई बांधून देताना आत एक पळी सरकवतात आणि म्हणतात, पळीबद्दल मी काही बोललो नव्हतो. मी हे विसरलो होतो. सात वर्षं उंबऱ्याचाच विचार केला, ओटा बाहेर आहे हे डोक्यातच आलं नाही. आणि मी मोजणीवाला!

त्या दिवशीचं माझं पत्र वाईट होतं. ते राहू द्या, त्याच्यावर ओळी खर्च करत नाही.

माझंही एक. तुम्ही योगायोग म्हणालात ते मी खरं मानलं. मला वाटलं, तुम्हाला यंत्रच हवं आहे. तुम्ही हुशार, तुम्हाला प्रश्न पडतात, त्यातला एक माझ्याकडे आला. मी नीट उत्तर दिलं, तीन वेळा खोडून. सांगलीत तुमच्या सगळ्या चिठ्ठ्यांना मी मोठ्याने उत्तरं द्यायचो, कारण हळू बोललो असतो तर काय बोललो असतो, ठाऊक नाही.

तर यंत्राचं. विकत घेऊ नका. माझ्याकडचं पिवळं यंत्र घेऊन येतो, पुरात होतं तेच. सेलच्या झाकणाला तुम्ही बांधलेली दोरी अजून आहे. तिच्यावाचून झाकण राहत नाही.

एक अडचण आहे, आधीच सांगून ठेवतो. बंद करून एवढं लांब नेलं की ते यंत्र सुरू केल्यावर बराच वेळ आपण जुन्याच ठिकाणी आहोत असं धरून बसतं, आणि तिथले उपग्रह शोधत राहतं. बिघडलंय असं वाटतं. बिघडलेलं नसतं. त्याला मोकळ्या जागी, न हलवता ठेवायचं, आणि घाई करायची नाही. बोळात मोकळं आभाळ नाही, त्यामुळे जास्तच वेळ लागेल. मी तिण्णैवर ठेवीन आणि शेजारी बसेन.

अप्पा पान मांडतील. मी आत जाणार नाही, ते ये म्हणणार नाहीत. असं किती दिवस चालेल, मला सांगता येत नाही. पाऊस आला तर ओट्यावर माणूस भिजतो, आणि ते बघत उभे राहतील असं मला वाटत नाही. बघू.

पोंगल होऊन गेलेला असेल. महिना संपायच्या आत, शेवटच्या रविवारी सकाळी पोचतो आहे. स्टेशनपासून चालत येईन, यंत्र बंद ठेवून. तुमच्या अर्जाबद्दल मीही काही विचारत नाही, योग्य नाही. पण तारीख मला ठाऊक आहे.

उदयिक येतों.

गिरिधर


कुंभकोणम्
२३ जानेवारी २०२५

गिरिधर,

हे पत्र टपालात टाकत नाही, कारण तुम्ही आता वाटेत असाल. अप्पांच्या हाती देत आहे. ते त्यांना वाचता येत नाही, देवनागरी कोणी शिकवली नाही म्हणतात. पण घडी कुठे आहे हे त्यांनी दोनदा विचारून घेतले आहे आणि समईच्या बैठकीखाली ठेवीन असे सांगितले आहे. तुम्ही बसाल त्याच्या उजव्या हाताला.

तुम्ही येता आहात, हे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, "वाटसरूस नांव नसतें." आणि दुकान लवकर बंद करून, नाचियार्कोविलच्या बसने जाऊन नवी समई घेऊन आले. तिच्यावर हंस आहे, चोचीसकट.

मामींना वाटते की मोजणी संपत आली. मी तसेच वाटू दिले आहे.

बदलीचा अर्ज मी भरलेला नाही. बाबांना काल फोन केला. मला फोनवर बोलता येत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. तरी मी बोलले, आणि सक्ती नव्हती हेही सांगितले. मग त्यांनी विचारले, "तिकडे जेवायला नीट मिळतं ना?" उरलेले ते पुढच्या फोनवर विचारतील.

त्या जागेवरचे तिसरे बसणे अजून व्हायचे आहे. मी सकाळी येईन. खडूची खूण तुम्हाला सोडते, मी खांबाच्या पलीकडे बसेन.

फोन घरी ठेवून येणार आहे.

शलाका